रोमन सैनिकांचा पगार मिठात होत नव्हता

माझी भाची सातवीत आहे. वक्तृत्व स्पर्धेसाठी तिने पाठ केलेल्या भाषणाची पहिलीच ओळ होती, "रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळायचं, म्हणून पगाराला सॅलरी म्हणतात." ही ओळ आमच्याच घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची. मलाही तो मजकूर तीन-चारदा आलाय आणि दर वेळी त्याला एखादा नवा दावा चिकटलेला असतो. आता मुलंही तो पाठ करायला लागली, म्हणून नीट लिहायला बसलो.

त्यात खरं आहे ते एवढंच: लॅटिनमध्ये मिठाला 'साल' म्हणतात आणि 'सालारियुम' हा शब्द त्यावरूनच आला. इंग्रजीतली सॅलरी आणि स्पॅनिशमधला सालारियो ही त्याचीच पिल्लं. माझा आक्षेप शब्दाच्या मुळाला नाही, त्यावर रचलेल्या गोष्टीला आहे.

"सैनिकांचा पगार मिठात व्हायचा." असं एकाही प्राचीन लेखकाने लिहिलेलं नाही. दाखला दिला जातो तो इ.स. ७९ मध्ये वारलेल्या रोमन लेखक थोरल्या प्लिनीचा. तो म्हणतो एवढंच की मानसन्मान आणि सैन्यसेवा यांच्याशीही मिठाचा संबंध आहे आणि सालारियुम हा शब्द त्यातून आला. मिठाचं वाटप त्या वाक्यात कुठेच नाही. सैनिकाच्या पगाराला रोमन लोक 'स्टिपेंडियुम' म्हणत. आपल्याकडे शिकाऊ डॉक्टरांना मिळतं ते स्टायपेंड, तोच हा शब्द. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने रोमन पायदळातल्या शिपायाचा हिशेबच दिलाय: दिवसाला दोन ओबोल (ग्रीकांचं छोटं नाणं), आणि त्यातून धान्याचे व कपड्यांचे पैसे कापून घ्यायचे. सम्राट ऑगस्टसच्या काळात साध्या शिपायाला वर्षाला २२५ देनारियस मिळत. ही चांदीची नाणी. उलट रोमन इतिहासकार टॅसिटस आपल्या सासऱ्याच्या, अ‍ॅग्रिकोलाच्या चरित्रात सालारियुमचा उल्लेख करतो, तेव्हा ते असतं प्रांताच्या राज्यपालाला द्यायचं मानधन.

"तेव्हा मीठ सोन्याच्या भावाने विकलं जायचं." मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. रोमन राजकारणी थोरल्या केटोने शेतीवर पुस्तक लिहिलं. म्हातारे आणि आजारी गुलाम विकून टाका, असा सल्ला देणारा हा कठोर, काटकसरी माणूस. तोच त्या पुस्तकात म्हणतो, प्रत्येक गुलामाला वर्षाला एक मोडियस मीठ पुरे, म्हणजे साधारण साडेआठ लिटरचं एक माप भरून. जो माणूस गुलामाच्या म्हातारपणाचाही खर्च सोसायला तयार नाही, तो त्याच्या पदरात सोन्याच्या मोलाची वस्तू माप भरून घालेल का?

"सोल्जर म्हणजे साल दारे, मीठ देणे." साफ चूक. सोल्जर आला 'सोलिदुस'वरून. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट कॉन्स्टंटाइनने हे सोन्याचं नाणं सुरू केलं. स्पॅनिशमध्ये पगाराला आजही 'सुएल्दो' म्हणतात, तोही त्याच नाण्यावरून.

शेवटी मजकूर आपल्याकडे वळतो: "मिठाला जागणे हा वाक्प्रचारही पगाराच्या मिठावरूनच." आपण म्हणतो 'खाल्ल्या मिठाला जागणे'. खाल्लेलं मीठ म्हणजे ज्याच्या घरी जेवलो त्याच्या ताटातलं अन्न. रोमच्या पगाराशी त्याचा काही संबंध नाही.

लॅटिनचं नातं शोधायचंच तर ते थेट आपल्या 'पगार' या शब्दात आहे. पोर्तुगीजमध्ये 'पगार' हे क्रियापद, अर्थ पैसे देणे. आपण त्याचं नाम केलं. त्यामागे लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणे, आणि त्याच्या मुळाशी 'पाक्स', शांतता. दारात बसलेल्या घेणेकऱ्याला शांत करायचं, म्हणजे त्याचे पैसे चुकते करायचे. इंग्रजी 'पे' हाही फ्रेंचमार्गे त्याच पाकारेतून आला, म्हणजे तो आपल्या पगाराचा सख्खा चुलतभाऊ. भाचीला हे सांगितल्यावर तिने जुनी ओळ खोडली आणि वहीत वर लिहिलं, "पगार: शांत करणे." भाषण ती आता तिथूनच सुरू करणार आहे.