७५ टक्क्यांचा सल्ला

पुतण्याला सांगलीत इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि घरच्या ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडला. पहिल्या बेंचवर बस, सिनिअर्सच्या नादी लागू नकोस, आणि सगळ्यांचा लाडका सल्ला: ७५ टक्के हजेरी सोडू नकोस, नाहीतर टर्म ग्रँट होणार नाही, म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही. मी लिहिलं, हजेरीचं काय घेऊन बसलात, अभ्यास कसा करायचा ते सांगा की त्याला. दादाचं उत्तर आलं, "तिकडे बसून बोलायला तुझं काय जातं!"

जात कसं नाही? इथे जर्मनीत, आखेनमध्ये, मी रोज बघतो. नऊचं लेक्चर सव्वानऊला सुरू होतं, संपलं की पोरं टाळ्यांऐवजी बाकावर टकटक करतात आणि मेन्सा, म्हणजे विद्यापीठाचं कँटीन, गाठतात. कोण आलं, कोण नाही, हे कुणी विचारत नाही. आमच्या नॉर्थ राईन-वेस्टफालिया राज्याने तर २०१४ च्या कायद्यात सरसकट हजेरीसक्तीला बंदीच घातली होती. (२०१९ मध्ये ती उठवली, पण ते दादाला कशाला सांगू? लॅबला हजेरी लागतेच, हेही नाही सांगितलं.)

आपल्याकडे त्या ७५ टक्क्यांतून निघतं काय? प्रॉक्सी. वर्गात वीस डोकी, मस्टरवर साठ. मग टर्म संपताना डिफॉल्टर लिस्ट, वडिलांना बोलावणं, खोटी मेडिकल सर्टिफिकेटं, एका रात्रीत उतरवून काढलेली जर्नलं. त्याच कॉलेजात मीही मित्राच्या "येस सर"वर इंजिनिअर झालो.

म्हणून पुतण्याला सांगतो: पहिल्याच आठवड्यात सिलॅबस आणि जुने पेपर मिळव, गणिताची ट्यूटोरिअल्स स्वतः सोडव. एम-वन, म्हणजे पहिल्या सेमिस्टरचं गणित, राहिला की मानगुटीवर बसतो. आणि केटी लागलीच, म्हणजे एखादा विषय राहिलाच, तर घरी लपवू नकोस.

हे शेवटचं उगाच नाही. इथे एखादा सक्तीचा विषय तिसऱ्यांदा गेला की बहुतेक ठिकाणी खेळ खल्लास. तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही घेता येत नाही. आमच्या गणपतीला येणारा एक मुलगा असाच विद्यापीठातून बाहेर फेकला गेला. कितीतरी महिने तो लेक्चरला फिरकला नव्हता, घरी मात्र "चालू आहे" म्हणायचा. विद्यापीठातून कुणाचा फोन नाही, आलं ते थेट नाव कमी केल्याचं पत्र. सांगलीत असता तर पंधरा दिवसांत त्याच्या बापाला निरोप गेला असता. हे मी ग्रुपवर लिहिलेलं नाही.

माझी मुलगीही येत्या ऑक्टोबरात इथे विद्यापीठात जाईल. तिने मला काहीच विचारलेलं नाही. आल्टक्लाउझुरेन, म्हणजे जुने पेपर, कुठे मिळतात, फाखशाफ्टमध्ये, म्हणजे विभागाच्या विद्यार्थी मंडळात, कुणाला गाठायचं, सगळं तिला ठाऊक आहे. सल्ला द्यायची हौस भागवायला मला सांगलीचाच पोरगा लागतो. त्यालाही मी सांगतोय ते माझ्या वेळच्या कॉलेजचं. आता तिथे हजेरी अंगठ्याच्या मशीनवर घेतात, प्रॉक्सी चालत नाही. हे मला दादानेच कळवलं, ग्रुपवर, सगळ्यांसमोर.