काकडीची पानं पिवळी पडल्याच्या रिव्ह्यूला नर्सरीकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तक्रार अशी, की आमच्याकडून नेलेली काकडीची रोपं महिन्याभरात पिवळी पडली, म्हणजे ती मुळातच रोगट होती. मोबाइलवर फोटो दाखवला तर औषध न देता ‘पाणी कमी करा’ एवढंच सांगून पाठवलं. आणि पैसेही परत दिले नाहीत. उत्तर सविस्तर देतो, कारण पावसाळा लागला की कोथरूड, सिंहगड रोडच्या गच्च्यांवरून हाच प्रश्न येतो.

पिवळं पान हे तापासारखं आहे, आजार कोणता ते त्यावरून कळत नाही. पिवळेपणा कुठून सुरू झाला ते बघावं लागतं. तुमच्या फोटोत खालची जुनी पानं सरसकट पिवळी होती, शेंडा हिरवागार. वेलाला नत्र (नायट्रोजन) कमी पडलं की तो जुन्या पानांतलं काढून नव्यांना पुरवतो, म्हणून सुरुवात खालून होते. आता नत्र का कमी पडलं? तुम्हीच लिहिलंय की ग्रो बॅगेत निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आहे आणि पाणी दिवसातून दोनदा. जुलैत, वरून पाऊस चालू असताना! कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि आत चिंब असतं. मुळांना हवा मिळाली नाही की बॅगेत असलेलं खतही त्यांना घेता येत नाही. अशा वेळी मी आणखी खताची पुडी विकली असती तर गल्ल्यात पैसे आले असते, वेल मात्र तसाच राहिला असता.

बोट दोन पेरं आत घालून बघा, ओल लागली तर पाणी नको. बॅगेची खालची भोकं मोकळी करा. माती वाफशावर आली, म्हणजे चिखल न राहता नुसती दमट राहिली, की गांडूळखत द्या, किंवा 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) लिटरला 2 ग्रॅम. पिवळी झालेली पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत, ती काढून टाका. नवी कशी येतात ते बघायचं. (बियातून आलेली पहिली दोन जाड पानं तर पिवळी होऊन गळणारच, त्यांचा शोक नको.)

शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असत्या तर मी लोहाची कमतरता म्हटलं असतं. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर ती बरेचदा दिसते. तसंच चित्र जुन्या पानांवर असेल तर मॅग्नेशियम. बारीक पिवळे ठिपके आणि खाली जाळं म्हणजे लाल कोळी, ही रस शोषणारी बारीक कीड. शिरांनी अडवलेले कोनाकोनांचे पिवळे डाग आणि पानाखाली करडी-जांभळट बुरशी असेल तर तो केवडा नावाचा बुरशीचा रोग. पावसाळ्यात मला खरी धास्ती याची वाटते, कारण पान ओलं राहिलं की तो झपाट्याने पसरतो. त्याला मॅन्कोझेबसारखं बुरशीनाशक लागतं, पण पानाची खालची बाजू न बघता खायच्या भाजीवर फवारा, असं मी कुणाला सांगत नाही. तुमच्या फोटोत ती बाजू नव्हती. दुसऱ्या दुकानातून आणलेलं औषध तुम्ही मारलंच आहे, तर लेबलवर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं लिहिलंय ते वाचा आणि तोवर काकडी खाऊ नका.

आता पैशांचं. रोप रोगट होतं असं म्हणायला एक जागा आहे, ती म्हणजे मोझॅक विषाणू. त्यात नवी पानं हिरवी-पिवळी चट्टेरी होतात, आक्रसतात. त्यावर औषध नाही, वेल उपटावाच लागतो. तुमच्या वेलावर तसं आढळलं तर रोपं बदलून देईन, हवे तर पैसे देईन. जास्त पाण्याने पिवळ्या पडलेल्या रोपांचे मात्र देणार नाही, हे तेव्हाही सांगितलं होतं.

एक खालचं आणि एक शेंड्याचं पान पिशवीत घालून सकाळी लवकर आणा. केवड्याची बुरशी दव असताना स्पष्ट दिसते. बघण्याचे पैसे घेत नाही.