डेनेथॉरला फॅरामिर नकोसा होता? कादंबरी तसं सांगत नाही

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा विषय निघाला की एक मत हमखास फिरतं: राजाविना चालणाऱ्या गोंडोर राज्याचा कारभारी डेनेथॉर सत्तेला चिकटलेला होता, धाकट्या मुलाचा, फॅरामिरचा दुस्वास करायचा, थोरल्याला, बोरोमिरला त्यानं जादूची अंगठी आणायला धाडलं आणि धाकट्याला मरायला. 2003च्या चित्रपटातल्या डेनेथॉरला हे शोभतं. 1954-55च्या कादंबरीतला माणूस निराळा आहे.

थोरल्याला धाडलं? मुळीच नाही. रिव्हेंडेल या एल्फांच्या वस्तीकडे बोलावणारं स्वप्न फॅरामिरला वारंवार पडलं, बोरोमिरला एकदाच. फॅरामिर निघायला उत्सुक होता; वाट धोक्याची म्हणून बोरोमिरनं ती स्वतःच्या अंगावर घेतली. बापानं परवानगी दिली तीही नाखुशीनं.

सत्तेचा लोभ म्हणाल, तर कारभाऱ्याचा राजा व्हायला किती शतकं लागतात, असं लहानग्या बोरोमिरनं विचारलं होतं. इतरत्र थोडी वर्षं पुरतील, गोंडोरात दहा हजारही पुरणार नाहीत, हे डेनेथॉरचं उत्तर. तो बसतो तेही सिंहासनाखालच्या पायरीवर, साध्या काळ्या दगडी खुर्चीत. पुढे राजवंशाचा वारस ॲरागॉर्न याला राजा मानायला तो नकार देतो, हे खरंच. ती अढी मात्र तरुणपणची. हाच ॲरागॉर्न नाव बदलून डेनेथॉरच्या वडिलांच्या चाकरीत होता आणि वडिलांच्या मनात डेनेथॉर दुसरा ठरला होता. (मदतीसाठी डोंगरांवर आगी पेटवायला त्यानं नकार दिला, हेही चित्रपटाचंच. पुस्तकात जादूगार गँडाल्फ गोंडोरच्या वाटेत असतानाच त्या पेटलेल्या दिसतात.)

आता दुस्वास. बोरोमिर त्या प्रवासात मारला गेल्यावर 'तुमच्या जागा बदलल्या असत्या तर बरं झालं असतं' असं तो फॅरामिरला तोंडावर म्हणतो. हे क्रूरच आहे. पण लगेच तो कारण देतो: बोरोमिर माझा होता, जादूगाराचा शिष्य नव्हता. तक्रार मुलाच्या दुबळेपणाची नाही, गँडाल्फचं ऐकण्याची आहे. प्रेम म्हणजे आपल्या बाजूनं उभं राहणं, हा त्याचा हिशेब, आणि फॅरामिर त्यात बसत नाही. पत्नी फिंडुइलास कथेतल्या कालगणनेनुसार 2988 साली गेली तेव्हा मुलं दहा आणि पाच वर्षांची होती. त्यानंतर तो आणखीच मिटत गेला.

फॅरामिरला नदीवरच्या ऑस्गिलिअथ शहरात लढायला धाडण्यामागे नदी न लढता सोडायची नाही हा लष्करी विचार होता. चुकीचा असेल, पण खुनाचा बेत नव्हे. फॅरामिर माघार घेत परतताना त्याच्यासाठी राखीव घोडदळ सोडलं तेही डेनेथॉरनंच. मग जखमी मुलाला पाहून तो पालांतीरमध्ये, म्हणजे दूरचं दाखवणाऱ्या जादूच्या दगडात डोकावतो आणि शत्रूची काळी जहाजं येताना पाहून खचतो. जहाजं खरी होती, फक्त त्यांवर ॲरागॉर्न आहे हे त्याला कळलं नाही.

मुलाचं दुखणं ॲरागॉर्न ओळखतो तेव्हा थकवा, जखम आणि काळा श्वास (शत्रूच्या पिशाच्च स्वारांमुळे जडणारं दुखणं) यांच्या जोडीला बापाच्या वागण्याचं दुःखही मोजतो. म्हणजे डेनेथॉर निर्दोष सुटत नाही. पण खचलेल्या डेनेथॉरनं स्वतःसह मुलाला जाळायला रचलेल्या चितेवरून गँडाल्फ फॅरामिरला उचलतो, ग्लानीत फॅरामिर बापाला हाक मारतो, तेव्हा डेनेथॉरच्या डोळ्यांतली आग विझते. तो रडतो: माझ्या मुलाला नेऊ नका, तो मला बोलावतोय.