बेन होगनची कंपनी हट्टापायी बुडाली म्हणे!

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय, मॅनेजमेंटवाल्या ग्रुपांवर तर दर दोन दिवसांनी कोणीतरी टाकतंच. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: बेन होगन हा अमेरिकेतला महान गोल्फर, त्याने स्वतःची क्लब (म्हणजे गोल्फ खेळायच्या काठ्या) बनवायची कंपनी काढली, त्याच कंपनीच्या क्लबने मेरियनचा तो फोटोतला फटका मारला, परफेक्शनच्या वेडापायी लाख डॉलरचा माल भंगारात काढला, मग मोठ्या कंपनीने त्याला विकत घेऊन घरी बसवलं, तरी कंपनी अवघड क्लबच बनवत राहिली, पिंग आणि कॅलवे या दुसऱ्या क्लब कंपन्या पुढे निघून गेल्या, शेवटी कॅलवेने ती विकत घेऊन संपवली आणि २००८ मधे कायमचं टाळं. खाली कोडॅक, नोकिया आणि "बदला नाहीतर संपाल".

कोडॅकच्या रांगेत कोणालाही नेऊन उभं करायची आपल्याकडे भारी हौस आहे. पण ही केस त्या रांगेतली नाहीये, आणि मला यात गोल्फपेक्षा कारखान्याची गोष्ट जास्त इंटरेस्टिंग वाटते, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी तो फोटो. १९५० ची यूएस ओपन, मेरियन, शेवटचा दिवस, शेवटचं होल, होगन फटका मारून पूर्ण वळलेला, पाठमोरा, समोर गर्दी. हातात एक नंबरचं आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याचा क्लब. सोळा महिने आधी हा माणूस बसच्या धडकेतून जेमतेम वाचलेला, पायांना पट्ट्या गुंडाळून खेळत होता. इथवर सगळं खरं. पण ते आयर्न मॅकग्रेगर कंपनीचं होतं हो! होगनची स्वतःची कंपनी १९५३ ची, म्हणजे फोटोनंतर तीन वर्षांनी. तोवर तो मॅकग्रेगरचाच माणूस होता आणि बॉलवरून वगैरे त्यांच्याशी बिनसल्यावर बाहेर पडला. ते आयर्न प्लेऑफच्या (बरोबरी सोडवायच्या जादा फेरीच्या) आधी चोरीला गेलं, तरी दुसऱ्या दिवशी होगन ६९ फटक्यांत जिंकलाच, आणि चोरीचा माल पार १९८३ मधे सापडला. आता यूएसजीएच्या (अमेरिकेच्या गोल्फ संघटनेच्या) म्युझियममधे आहे. त्याच्या तोंडावर, बरोबर बॉल लागायच्या जागी, छोट्या नाण्याएवढा झिजलेला ठिपका दिसतो, म्हणजे हजारो बॉल मारले आणि सगळे एकाच जागी बसले. पुढे हा माणूस फॅक्टरीत काय मागणार ते त्या ठिपक्यावरूनच कळतं.

आता लाख डॉलरचा माल. हे खरंय, पण फॉरवर्डने त्यातून जो अर्थ काढलाय तो उलटा आहे. पहिला लॉट तयार झाला, होगनने क्लब हातात घेऊन बघितले आणि म्हणाला हे जाणार नाहीत. त्यांची किंमत साधारण १ लाख डॉलर, आजच्या हिशोबात दहा लाखांच्या वर. त्याच्या भागीदाराचं म्हणणं साधं होतं, माल तयार आहे, नाव होगनचं आहे, विकून टाकू, पुढचा लॉट सुधारू. व्यवहाराला धरूनच बोलला बिचारा. होगनने ऐकलं नाही, पैसे उभे करून भागीदाराला मोकळं केलं, नवीन पैसा लावणाऱ्यांत फोर्ट वर्थचा (टेक्सासमधलं कंपनीचं गाव) मार्विन लेनर्ड होता, डिपार्टमेंट स्टोअरवाला, ज्याने कलोनियल हे गोल्फचं मैदान बांधलं तोच, आणि माल परत पहिल्यापासून बनवला.

ज्यांनी भोसरी-चाकण भागात फोर्जिंगच्या शॉपमधे काम केलंय त्यांना यातली गोम लगेच कळेल. फोर्ज्ड आयर्न म्हणजे तापवलेलं पोलाद डायमधे ठोकायचं, पण खरा क्लब तिथे बनतच नाही, तो बनतो नंतर, ग्राइंडिंगला, बेल्टवर, एका माणसाच्या हातात. टाचेकडून किती काढायचं, खालची कड जमिनीवर कशी बसली पाहिजे, मुठीपर्यंत पोचल्यावर वजन कसं लागलं पाहिजे. ड्रॉइंगमधे बसलेला जॉबसुद्धा हातात घेतल्यावर चुकीचा वाटू शकतो. पहिल्या लॉटला हे हात नव्हते, आणि होगनने रिजेक्शन मारून ते हात तयार व्हायला वेळ मिळवला. कंपनी याने बुडाली का? सात वर्षांत एएमएफसारख्या धेंडाने विकत घेण्याइतकी ती उभी राहिली. बुडणारी कंपनी कोणी अशी घेत नाही.

तिसरा मुद्दा, "विकत घेऊन घरी बसवलं". साफ खोटं. १९६० मधे एएमएफने घेतलं (बोलिंगची मशिनं बनवणारी कंपनी), आणि होगन राहिला. दोन-चार महिने नाही, तीसेक वर्षं. पॅफर्ड स्ट्रीटवरच्या फॅक्टरीतल्या ऑफिसात सकाळी यायचं, नवीन मॉडेल बघायचं, नाही म्हणायचं, मग शेडी ओक्स क्लबात खिडकीजवळच्या ठरलेल्या टेबलावर जेवण, मग बॉल मारायचे. नवीन डिझाइन त्याच्या डोळ्याखालून गेल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. नोकरदार होता, मालक नव्हता, पण फॅक्टरीत कोणाला हे सांगून बघा.

आता एक गोष्ट शेजारी ठेवा. याच एएमएफने १९६९ मधे हार्ली डेव्हिडसन घेतली होती. त्या काळातल्या हार्लीच्या क्वालिटीबद्दल बायकर लोक अजून शिव्या घालतात, शेवटी १९८१ मधे मॅनेजर लोकांनीच ती परत विकत घेतली. मालक एकच, एकीकडे हार्लीचं नाव खराब, आणि दुसरीकडे होगनचे क्लब त्याच वर्षांत सगळ्यात जास्त मानाने विकले जातायत. माझ्या मते फरक एवढाच की होगनकडे गेटवर एक म्हातारा बसला होता, जो मालकाला घाबरत नव्हता.

आता मुख्य आरोप, "बदललेच नाहीत, अवघड ब्लेडच बनवत बसले". यात अर्धं सत्य आहे, ते आधी देऊन टाकतो. ब्लेड म्हणजे मागून सपाट, पातळ आयर्न, बॉल मधोमध लागला तर लोणी, जरा सरकला तर हाताला झिणझिण्या. होगनचं अपेक्स, १९७२ पासूनचं, असंच होतं, आणि आपल्यासारख्या रविवारी खेळणाऱ्यांसाठी ते नव्हतंच. पिंगच्या कार्स्टन सोल्हाइमने वजन कडेला न्यायची, मागून पोकळ ओतीव आयर्न बनवायची वाट साठच्या दशकातच पकडली होती, आणि १९८२ च्या आय टू ने तर बाजारच मारला. धातूच्या ड्रायव्हरमधे (सगळ्यात लांब मारायचा क्लब) होगन मागेच राहिले, हे पण कबूल. (फॉरवर्डमधे कॅलवेच्या १९९१ च्या बिग बर्था ड्रायव्हरला "टायटॅनियम" म्हटलंय, ती स्टीलची होती, टायटॅनियमवाली ग्रेट बिग बर्था १९९५ ची. असो.)

पण "बदललेच नाहीत"? साठच्या दशकाच्या शेवटी त्यांनी स्वतःचा हलका स्टील शाफ्ट (क्लबचा दांडा) काढला, अपेक्स नावाचाच, कडकपणाला १ ते ५ नंबर देऊन. लाकडी ड्रायव्हरच्या डोक्याला खाच देऊन हवेचा विरोध कमी करायचा प्रयोग केला, स्पीड स्लॉट. आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आलं एज. हे फॉरवर्डवाल्याने ऐकलेलंच दिसत नाही. एज म्हणजे फोर्ज्ड आयर्न, पण मागून पोकळी दिलेलं, कॅव्हिटी बॅक. तोवर असं सोपं आयर्न म्हटलं की ओतीव, आणि फोर्ज्ड म्हटलं की ब्लेड असंच लोक धरून चालायचे. होगनवाल्यांनी दोन्ही एकत्र केलं आणि ते धो धो विकलं गेलं. आज कुठल्याही दुकानात "फोर्ज्ड कॅव्हिटी" म्हणून महाग सेट दाखवतात ना, ती लाइन तिथून येते. म्हणजे ज्या वर्षांत ही कंपनी हट्टाने मरत होती म्हणतात, त्याच वर्षांत ती तिचा सगळ्यात लोकप्रिय माल विकत होती. १९९० ते ९२ तर अमेरिकेतली नवोदितांची टूरच (स्पर्धांची मालिका) बेन होगन टूर नावाने चालायची, आता जिला कॉर्न फेरी टूर म्हणतात तीच.

मग झालं काय? झालं हे की कंपनी हातोहात फिरली. नीट बघा, फॉरवर्डने हा भागच गाळलाय. १९८५ मधे अर्विन जेकब्स नावाच्या टेकओव्हरवाल्याच्या मिन्स्टारने एएमएफ गिळली आणि तुकडे करून विकायला काढली. १९८८ मधे होगन गेली जपानच्या कॉस्मो वर्ल्डकडे, मालक मिनोरू इसुतानी. या माणसाने पुढे १९९० मधे पेबल बीच हे जगप्रसिद्ध गोल्फ रिसॉर्ट घेतलं, सुमारे ८४ कोटी डॉलरला, तिथे प्रायव्हेट मेंबरशिपा विकून पैसे काढायचा बेत होता, कॅलिफोर्नियाच्या किनारा-नियमवाल्यांनी तो हाणून पाडला, वरून जपानच्या अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला, आणि १९९२ मधे जबर तोटा सोसून पेबल बीच विकायला लागलं. त्याच वर्षी होगन कंपनी पण विकली. यात क्लबच्या डिझाइनचा संबंध कुठे आला मला दाखवा. फोर्ट वर्थला बेल्टवर बसलेल्या माणसाने काय "बदलायला" पाहिजे होतं?

आणि पुढचा घाव तर सगळ्यात वाईट. घेणारा होता व्हर्जिनियातला बिल गुडविन, ज्याच्याकडे आधीच बोलिंगवाल्या एएमएफचं नाव आलेलं होतं, म्हणजे फिरून त्याच नावाच्या दारात! त्याने १९९३ मधे फॅक्टरी फोर्ट वर्थहून उचलून रिचमंडला नेली. कागदावर सोपं आहे, मशिनं ट्रकमधे भरली, डाय नेल्या, ड्रॉइंगं नेली. पण वर सांगितलं ते हात? चाळीस वर्षं एकाच गावात तयार झालेली ग्राइंडर, पॉलिशर, मॉडेल बनवणारी माणसं, त्यांची घरं, पोरांच्या शाळा तिकडे, ती काय हजारएक मैल लांब जाणार? बहुतेक राहिली मागे.

आणि ती माणसं बिनकामाची नव्हती बरं का. टॉम स्टाइट्स, होगनच्याच फॅक्टरीत शिकलेला, त्याने फोर्ट वर्थमधे स्वतःची डिझाइन कंपनी काढली, नायकेने पुढे ती विकत घेतली, आणि टायगर वूड्सच्या हातातले नायकेचे क्लब तिथेच घडले, "द ओव्हन" नावाच्या त्या सेंटरमधे. म्हणजे होगनची विद्या जुनी झाली होती म्हणून मेली हे म्हणायला जागाच नाही, तीच विद्या त्याच गावात दुसऱ्याच्या शिक्क्याखाली जगातल्या एक नंबरच्या खेळाडूला चालत होती. शिक्का एका राज्यात आणि विद्या दुसऱ्या राज्यात, असा हा प्रकार झाला.

१९९७ मधे स्पाल्डिंगने कंपनी घेतली आणि परत फोर्ट वर्थला आणली. त्याच वर्षी जुलैमधे होगन गेला. स्पाल्डिंगचा हेतू चांगला असेल, माल पण बरा काढला, पण स्पाल्डिंग स्वतःच केकेआर या अमेरिकन गुंतवणूक कंपनीच्या उधारीवरच्या खरेदीमुळे कर्जात बुडालेली.

म्हणून "कॅलवेने स्पर्धक संपवायला विकत घेतलं" हे पण जुळत नाही. २००३ मधे स्पाल्डिंगची गोल्फ शाखा, तेव्हाचं नाव टॉप-फ्लाइट, दिवाळखोरीत निघाली आणि कॅलवेने ती सुमारे साडेबारा कोटी डॉलरला उचलली. कॅलवेला पाहिजे होते गोल्फ बॉलचे कारखाने आणि बॉलची पेटंटं. होगन त्या गाठोड्यात आलं, बस. मुद्दाम मारायला लागतं त्याला आधी घाबरायला तर पाहिजे! फोर्ट वर्थचं काम बंद केलं, काही वर्षं नाव चालवलं, २००८ मधे थांबवलं. याला खून नाही म्हणत, याला अडगळीत टाकणं म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते जास्त लागतं.

शेवटचं, "कायमचं टाळं". नाही. २०१२ मधे होगन हे नाव पेरी एलिस या कपडेवाल्या कंपनीने घेतलं (हो, कपडेवाल्या), आणि २०१४ मधे टेरी केलर या क्लब डिझायनरने लायसन्स घेऊन फोर्ट वर्थमधेच परत कंपनी उभी केली. त्यांच्या आयर्नवर ४, ५, ६ असे नंबरच नव्हते, डायरेक्ट लॉफ्टची (क्लबच्या तोंडाच्या तिरपेपणाची) डिग्री, २० पासून ६३ पर्यंत, एकेक डिग्रीने. इंजिनियर खूश, गिऱ्हाईक गोंधळलं. २०१७ च्या जानेवारीत दिवाळखोरी, मग दुकानं वगळून थेट ऑनलाइन विक्री, त्यावर पाच वर्षं बऱ्यापैकी निघाली आणि २०२२ मधे ते पण थांबलं.

आणि अपेक्स? ते नाव कॅलवेने नवीन लोकांना दिलंच नाही, स्वतःकडे ठेवलं आणि २०१४ च्या सुमारास स्वतःच्या महागातल्या फोर्ज्ड आयर्नवर लावलं. आजही विकतायत. त्यामुळे पुढच्या वेळी कोणी हा फॉरवर्ड टाकला तर त्याला विचारा की बाबा, ज्या मालाचं नाव कॅलवे अजून वापरून पैसे कमावतेय तो माल कालबाह्य कसा?

जाता जाता, कोणाला कुठे जुना होगनचा सेट स्वस्तात मिळाला तर एका क्लबवर नंबरच्या जागी इंग्रजी "ई" दिसेल. दुसऱ्या सेटमधला घुसलाय म्हणून परत करू नका, पिचिंग वेजला (जवळून बॉल उंच उडवायचा क्लब) ते इक्वलायझर म्हणायचे.