मातामृत्यू हा हक्काचाच प्रश्न आहे: एका डॉक्टरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

मातामृत्यू हा मानवी हक्कांचा प्रश्न आहे, या म्हणण्यावर इतकं परखड आणि सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. तुमचं म्हणणं मला समजलं ते असं: बाळंतपणात बाई दगावते ती रक्तस्रावाने, बीपीने, जंतुसंसर्गाने; हा वैद्यकशास्त्राचा आणि गरिबीचा प्रश्न आहे. त्याला ‘मानवी हक्क’ म्हटल्याने ठराव तेवढे होतात आणि नातेवाईक लेबर रूमच्या दारात डॉक्टरची कॉलर धरतात. आणि जिथे पैसाच नाही तिथे हक्क घेऊन करायचं काय?

रक्तस्रावाने बाई मरते हे खरंच आहे. पण त्यावर ऑक्सिटोसिन हे गर्भाशय आकुंचित करून रक्तस्राव रोखणारं औषध कित्येक दशकांपासून आहे. गरोदरपणात बीपी वाढून येणाऱ्या झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट आहे आणि ते काही महागडं औषध नाही. त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो हे २००२ च्या ‘मॅगपाय’ या औषध-चाचणीने दाखवलं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. तरीही २०२३ साली जगभरात गरोदरपणामुळे आणि बाळंतपणामुळे अंदाजे २,६०,००० स्त्रिया गेल्या. रोज सातशेहून जास्त. त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक कमी आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या.

मग गरिबी हेच कारण, असं तुम्ही म्हणाल. पण अमेरिका आरोग्यावर अफाट खर्च करते आणि तिथे कृष्णवर्णीय स्त्रियांमधला मातामृत्यूदर गोऱ्या स्त्रियांच्या जवळपास तिप्पट आहे. श्रीलंका श्रीमंत नसतानाही प्रशिक्षित सुईणी आणि मोफत सेवा यांच्या बळावर तिने हा दर खाली आणला. रुमानियाचं उदाहरण तर मला सगळ्यात बोलकं वाटतं. १९६६ साली तिथे गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आली, चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरू लागल्या आणि मातामृत्यूचं प्रमाण युरोपात सर्वाधिक झालं. १९८९ च्या अखेरीस बंदी उठली, आणि वर्षभरात ते निम्म्यावर आलं. एका वर्षात देश श्रीमंत झाला नव्हता. कायदा बदलला होता.

आता तुमच्या भीतीबद्दल. ती मी हलक्यात घेत नाही. रात्रभर उभं राहून बाळंतपणं करणाऱ्या माणसाला वर मारहाण सोसावी लागणं हा अन्यायच आहे. पण हक्काची भाषा डॉक्टरवर बोट ठेवते हे मला मान्य नाही, आणि त्यासाठी आलीन दा सिल्वा पिमेंतेल हिची केस सांगते.

ब्राझीलमधली ही कृष्णवर्णीय तरुणी २००२ साली सहा महिन्यांची गरोदर होती. उलट्या आणि पोटदुखी घेऊन आरोग्य केंद्रात गेली, तर औषधं देऊन घरी पाठवली. पुन्हा आली तेव्हा बाळ पोटातच गेलेलं होतं. कळा आणून बाळंतपण केलं, पण वार (प्लासेंटा) काढायची शस्त्रक्रिया व्हायला चौदा तास गेले. प्रकृती ढासळली, मोठ्या रुग्णालयात न्यायला अँब्युलन्सची कित्येक तास वाट पाहिली. सोबत तिची कागदपत्रं गेली नाहीत. तिथे खाट नव्हती, म्हणून तिला रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये ठेवलं. ती वाचली नाही. २०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या महिला-भेदभावविरोधी समितीने जबाबदार कोणाला धरलं? ब्राझीलच्या सरकारला. सेवा खासगी संस्थेकडे सोपवली म्हणून जबाबदारी सुटत नाही, हेही समितीने सांगितलं. अँब्युलन्स का नव्हती, खाट का नव्हती, ही उत्तरं त्या रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरने द्यायची नसतात. आज तुम्हालाच ती द्यावी लागतात, कारण विचारण्यासाठी समोर दुसरं कोणीच नसतं.

राहिला पैशाचा मुद्दा. १९६६ चा संयुक्त राष्ट्रांचा आर्थिक-सामाजिक हक्कांचा करार अशक्य काही मागत नाही. उपलब्ध साधनांच्या कमाल मर्यादेपर्यंत, टप्प्याटप्प्याने, असंच तो म्हणतो. शिवाय कळा देणाऱ्या बाईवर ओरडणं, तिला थप्पड मारणं थांबवायला निधी लागत नाही. बिल भरलं नाही म्हणून बाळंतिणीला रुग्णालयात अडकवून ठेवायचं, हे केनियात घडत होतं. २०१५ साली तिथल्या उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं.

युगांडात तर सरकारने न्यायालयात जवळपास तुमचाच युक्तिवाद केला. बाळंतपणात दोन स्त्रिया दगावल्यावर २०११ साली याचिका झाली. आरोग्यसेवा हा धोरणाचा विषय, न्यायालयाने त्यात पडू नये, ही सरकारची बाजू २०१२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयात, म्हणजे घटनेच्या प्रश्नांवर निकाल देणाऱ्या न्यायालयात, मान्यही झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ते फिरवलं, आणि २०२० मध्ये त्याच घटना न्यायालयाने निकाल दिला की बाळंतपणाच्या किमान सेवाही न देणं हा घटनेचा भंग आहे. पुढच्या आर्थिक वर्षात त्यासाठी पुरेशी तरतूद करा, असंही सरकारला सांगितलं. नऊ वर्षं लागली, आणि मला ती फार वाटतात. पण पैसा कुठून आणायचा, हे तिथे शेवटी सरकारला विचारलं गेलं.