डार्विनलाही बोट लागायची

बोट लागणाऱ्या माणसाला सल्ल्यांची ददात नसते. क्षितिजाकडे बघ, पोट रिकामं ठेव, नाही नाही, पोट भरलेलं ठेव. मी सगळं करून पाहिलंय आणि तरीही कठड्याला धरून समुद्राला नैवेद्य दाखवलाय. आतला कान म्हणतो आपण हलतोय, डोळे म्हणतात छे, कुठे? भांडण या दोघांचं, शिक्षा पोटाला. अशा वेळी लोक देवाचं नाव घेतात. मी चार्ल्स डार्विनचं घेतो.

२७ डिसेंबर १८३१ रोजी ‘बीगल’ प्लिमथहून निघाली तेव्हा हा निसर्गवेडा २२ वर्षांचा होता. जहाज जेमतेम ९० फूट लांब आणि त्यावर सत्तरेक माणसं. सहाफुटी डार्विनचा झोपाळा नकाशांच्या टेबलावर टांगलेला. पाय मावेनात, म्हणून रोज रात्री कपाटाचा एक खण बाहेर काढायचा. दिवसा तासभर काम केलं की स्वारी त्याच टेबलावर आडवी. पोटात टिकायचं ते बिस्किट आणि बेदाणे, आणि बेदाण्यांचा सल्ला डॉक्टर वडिलांचा! ज्यांनी आधी या प्रवासालाच नकार दिला होता, तेच हे वडील. ते बरोबर ठरणं कुठल्याही जेवणापेक्षा पचायला जड गेलं असणार.

पुढे टेनेरिफ आलं. या बेटाची स्वप्नं तो कॉलेजात असल्यापासून बघत होता. पण इंग्लंडात कॉलरा, म्हणून बारा दिवस उतरायला मनाई. कप्तान फिट्झरॉयने थांबायचं नाकारून शिडं फिरवली. दिसणाऱ्या जमिनीवर पाय टेकवू न देणं किती निर्दय आहे, ते बोट न लागणाऱ्याला कळायचं नाही.

‘सवय होते हो!’ हे तर सांगूच नका. दोन वर्षांची सफर पावणेपाच वर्षं लांबली आणि १८३६ मध्ये, परतीच्या वाटेवरही, हा गृहस्थ बहिणीला कळवतोय की समुद्राचा आणि त्यावरच्या झाडून सगळ्या जहाजांचा त्याला तिटकारा आहे. औषध त्याने स्वतःच शोधलं होतं: किनारा दिसला की उतरायचं. एवढ्या सफरीत पाण्यावर काढले ते दीडएक वर्ष. बाकी काळ पंपासच्या माळावर घोडा, नाहीतर अँडीजची चढण. लोक याला ज्ञानाची तहान म्हणतात. मला त्यात मळमळीचाही बराच हात दिसतो.

घरी परतल्यावर तो पुन्हा कधी ब्रिटनबाहेर गेला नाही. नंतर आठ वर्षं त्याने बार्नॅकल्सचा अभ्यास केला, म्हणजे जहाजांच्या बुडाला चिकटणाऱ्या समुद्री जीवांचा. नमुने टपालाने मागवून.