सहा गोळ्या

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा. ज्यांच्या घरात किंवा भावकीत एखाद्या लेकराला रक्ताचा कॅन्सर आहे, त्यांनी मात्र ठेवून देऊ नका, आत्ताच वाचा.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो. डी. फार्म. होऊन एकोणीस वर्षं झाली. डॉक्टर नाही, त्यामुळं खाली जे आकडे येतील ते हिशोब कळावा म्हणून. डोस ठरवायचं काम डॉक्टरांचं.

गेल्या साली सोयाबीनच्या काढणीची धामधूम चालू होती. एक जण दुकानात आला. अंगावर भुसकट, पायात चिखल. म्हणाला, "भाऊ, त्या पिवळ्या गोळ्या द्या आणखी." मी सवयीनं फळीवर हात घातला आणि तसाच थांबलो. चारच दिवसांपूर्वी त्यानं माझ्याकडून चोवीस नेल्या होत्या.

"कामून हो, इतक्यात संपल्या?"

"रोज सहा लागायल्यात की."

माझ्या पोटात गोळा आला. त्या गोळ्या मेथोट्रेक्सेटच्या, रक्ताच्या कॅन्सरवरच्या. अडीच मिलिग्रॅमच्या सहा, आठवड्यातून एकदाच द्यायच्या. चोवीस म्हणजे चार आठवड्यांचं औषध. त्याच्या सहा वर्षांच्या पोराच्या पोटात ते चार दिवसांत गेलं होतं. विचारलं तर म्हणाला, दोन दिवसांपासून तोंड आलंय, काही खाईना, औषध गरम पडलं म्हणून आजी ताक पाजायली.

फाइलवरच्या नंबरला फोन लावला. पलीकडच्या डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "सगळ्या गोळ्या बंद, आत्ताच्या आत्ता निघा." मेथोट्रेक्सेटवर उतारा असतो, फोलिनिक ॲसिडचा, पण जितका उशीर तितका त्याचा उपयोग कमी. संध्याकाळी जीप करून निघाले. पोरगं काही दिवस ॲडमिट राहिलं, रक्तातल्या पेशी खाली गेल्या, मग सावरलं. आता बरं आहे.

चूक कुणाची, हे मी पुष्कळ घोळवलं. दवाखान्याची चिठ्ठी इंग्रजीत, आखूड अक्षरांत. शिवाय एक गंमत बघा, गंमत म्हणवत नाही, पण बघा. त्याला दोन औषधं चालू होती आणि दोन्हींच्या आठवड्याच्या गोळ्या सहाच! एक मर्कॅप्टोप्युरीन, पन्नास मिलिग्रॅमची, ती रोज: पाच दिवस एक आणि दोन दिवस अर्धी, म्हणजे आठवड्याला सहा. दुसरी मेथोट्रेक्सेट, तिच्या सहा एकाच दिवशी. दोन्ही पिवळसर. एक 'रोज' घ्यायची, एका पाकिटावर '६' लिहिलेलं, घरच्यांनी दोन्हींची सांगड घातली. आणि ते '६' माझ्या हातचं होतं. वार लिहायला मी विसरलो होतो. दवाखान्यावर खापर फोडायला तोंड उघडलं की ते पाकीट डोळ्यांपुढं येतं.

त्यानंतर मी वाचायला लागलो. हे डोस येतात कुठून? पाच दिवस एक आणि दोन दिवस अर्धी, हे काय प्रकरण?

तर हिशोब असा. कॅन्सरची बरीच औषधं नुसत्या वजनावर नाही, अंगाच्या क्षेत्रफळावर देतात. उंची सेंटिमीटरमध्ये, वजन किलोत, दोन्हींचा गुणाकार, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ. हे सोपं सूत्र १९८७ चं, मोस्टेलर नावाच्या माणसाचं. आपलं पोरगं ११० सेंटिमीटर, १८ किलो. उत्तर येतं पाऊण चौरस मीटरला थोडं कमी. मेथोट्रेक्सेट चौरस मीटरला २० मिलिग्रॅम धरलं की साधारण १५, म्हणजे सहा गोळ्या. मर्कॅप्टोप्युरीन ६० नं धरलं की रोजचे ४४-४५. आता पन्नासच्या गोळीतून ४४ कसे काढणार? म्हणून आठवड्याचा मेळ घालून ते पाच-एक-दोन-अर्धी. कुणाची लहर नाही ती. म्हणून तर दर फेरीला वजन-उंची घेतात. "सारखं सारखं काय तोलायलेत, बाजारातलं बकरं हाय का?" असं एक आजोबा माझ्या दुकानात म्हणाले होते. तेव्हा मी हसलो होतो, उत्तर माझ्याकडंही नव्हतं.

हे शोधणाऱ्यांची गोष्ट मला फार आवडली. मुंबईत १९२८ च्या सुमारास ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायांना रक्त कमी का पडतं, याचा त्या तपास करत होत्या. यीस्टच्या अर्कानं त्या बाया सुधारल्या. त्या अर्कात जे होतं त्याला पुढं फोलिक ॲसिड म्हणायला लागले. मग अमेरिकेत सिडनी फार्बर यांच्या ध्यानात आलं की ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, लेकरांना फोलिक ॲसिड दिलं की आजार आणखी उसळतो. म्हणजे त्याच्या उलटं औषध दिलं तर? ते उलटं औषध तयार झालं ते येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत. हा माणूस आंध्रातल्या भीमावरमचा. १९४८ साली फार्बरनी ते लेकरांना दिल्याचं छापून आलं. आजार मागं हटला, पण काही महिन्यांपुरताच. मेथोट्रेक्सेट हे त्याच औषधाचं धाकटं भावंड. आपल्याकडची लेकरं देवगिरी एक्सप्रेसनं रात्रभर बसून परळला टाटा रुग्णालयात जातात, आणि गिरणीतल्या बायांची ती कहाणी सुरू झाली तीही मुंबईतच. आमच्या कॉलेजात हे कुणी सांगितलं नाही बुवा. परीक्षेला फक्त साइड इफेक्ट यायचे.

आता पाठीतल्या इंजेक्शनबद्दल, कारण सगळ्यात जास्त भांडणं त्यावरून. "रक्तात आजार नाही म्हणतात, मग पाठीत सुई कशाला?" मेंदूभोवती निसर्गानंच कुंपण घातलंय. तोंडावाटे किंवा शिरेतून दिलेलं औषध त्या कुंपणापलीकडं पुरेसं जात नाही. आजाराच्या पेशी मात्र आत जाऊन लपतात. रक्त स्वच्छ दिसतं, आणि काही महिन्यांनी आजार डोक्यातून परत येतो. अमेरिकेत मेंफिसला सेंट ज्यूड नावाचं लेकरांचं रुग्णालय १९६२ ला सुरू झालं. तिथले डोनाल्ड पिंकेल म्हणाले, लपायची जागा आधीच मोडा. डोक्याला किरण आणि पाठीत मेथोट्रेक्सेट. साठचं दशक संपता संपता निम्म्याच्या आसपास लेकरं बरी होताना दिसायला लागली. त्याआधी जवळजवळ सगळी जायची. (याच पिंकेल यांनी १९५८ मध्ये क्षेत्रफळावर डोस ठरवण्याबद्दल लिहिलं होतं.) किरणांनी पुढं अभ्यासावर, वाढीवर परिणाम व्हायचा. सेंट ज्यूडनंच २००९ मध्ये दाखवून दिलं की पाठीतलं आणि शिरेतलं औषध नीट दिलं तर लेकरांना ते प्रतिबंधाचे किरण सरसकट द्यायची गरज नाही. म्हणून सुईला भिऊन पळू नका. ती सुई त्या किरणांच्या जागी आलीय.

आणि या सुईचा डोस क्षेत्रफळावर नसतो, वयावर असतो! एक माय माझ्याकडं तणतणत आली होती. शेजारच्या कॉटवरचं आठ वर्षांचं पोरगं आणि तिची साडेतीन वर्षांची लेक, दोघांना पाठीत सारखंच औषध. "माझ्या लेकीवर प्रयोग करायलेत." तेव्हा मलाही पटल्यासारखं वाटलं होतं. पण कारण साधं आहे. लेकराचं डोकं आधी वाढतं, अंग मागून. अंगरखा दर दिवाळीला नवा लागतो, टोपी तशी लागत नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत मेंदूभोवतीचं पाणी जवळजवळ मोठ्या माणसाइतकं होतं. पूर्वी तिथंही क्षेत्रफळाचाच हिशोब लावायचे, त्यामुळं चिमुकल्यांना औषध कमी पडायचं आणि मोठ्या पोरांना जास्त व्हायचं. आर्ची ब्लेयर यांनी १९७७ मध्ये वयाप्रमाणं कोष्टक मांडलं: वर्षाच्या आत ६ मिलिग्रॅम, मग ८, मग १०, आणि तीन वर्षांपासून १२. मेंदूतला आजार परतायचं प्रमाण त्यानं कमी झालं. औषध तेच, सुई तीच, फक्त माप बदललं. हे वाचून मी त्या माउलीला शोधून फोन केला. ती म्हणाली, "मग हे मला तिथंच कामून नाही सांगितलं?" मी काय बोलणार.

जास्त म्हणजे चांगलं, हाही एक भ्रम. मोठा डोस म्हणजे भारी इलाज, असं गावाकडं लई जण मानतात. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या गटानं मेथोट्रेक्सेट देण्याच्या दोन पद्धती समोरासमोर लावल्या. एक, ड्रिपमधून भरमसाट डोस आणि मागून उतारा. दुसरी, छोट्यापासून चढवत जायचं, उतारा नाही, सोबत ॲस्पॅराजिनेज नावाचं आणखी एक औषध. बी आणि टी हे पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार. बी पेशींच्या जास्त धोक्याच्या ल्युकेमियात पहिली पद्धत सरस ठरली. टी पेशींच्या ल्युकेमियात दुसरी! म्हणजे दोन लेकरांचा आजार बाहेरून एकाच नावाचा, आणि माप वेगळं. "त्यांच्या पोराला मोठं इंजेक्शन दिलं, आमच्या गरिबाच्याला नाही" हे वाक्य ऐकलं की आता मी त्या माणसाला स्टूल देतो आणि बसवून हे सांगतो.

तसंच मर्कॅप्टोप्युरीनचं. काहींच्या शरीरात हे औषध मोडून टाकणारी यंत्रणा जन्मतःच मंद असते. एका जनुकातला असा बदल युरोपीय लोकांत जास्त आढळतो, पण एनयूडीटी१५ नावाच्या दुसऱ्या जनुकातला बदल आशियाई लोकांत जास्त, आपल्याकडंही. असल्या लेकराला पुस्तकातला डोस दिला की पेशी कोसळतात. म्हणून रक्त तपासून डोस खालीवर करतात. तो डॉक्टरांचा गोंधळ नव्हे.

आता माझं खरं म्हणणं. एवढं शंभर वर्षांचं डोकं लावून काढलेलं माप मुंबईहून किंवा संभाजीनगरहून निघतं आणि आमच्या तालुक्यात येऊन चुलीपाशी सांडतं. त्या पोराच्या घरी मी नंतर गेलो होतो. आजीनं अर्धी गोळी कशी करतात ते दाखवलं. अडकित्त्यानं! कडक् आवाज झाला, एक तुकडा मोठा, एक लहान, आणि पिवळा भुगा अडकित्त्याच्या फटीत. त्याच अडकित्त्यानं मग तिनं सुपारी कातरली आणि माझ्यापुढं धरली. मी ती घेतली नाही, तिला वाईट वाटलं. तो भुगा निरोगी माणसाच्या पोटात जाता कामा नये, हे तिला कोण सांगणार होतं? दोन वर्षांचा इलाज, त्यातले गोळ्यांचे दिवस कितीतरी, आणि ते सगळे दवाखान्यात नाही, असल्या ओसरीवर जातात.

स्मिता भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की ठरलेल्यापैकी ९५ टक्क्यांहून कमी गोळ्या पोटात गेल्या तर आजार परतायचा धोका स्पष्ट वाढतो. आता महिन्याच्या तीस दिवसांचे ९५ टक्के काढा. दोन दिवस चुकले की गेलात खाली. आणि आपल्याकडं? लग्नसराईत दोन दिवस, पंढरीला चार दिवस. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे तर दोन हंगाम या इलाजात येतात. लेकरू पळायला लागलं, केस आले, की "बरं झालंय की आता" म्हणून बाटली फळीवर. आळस नसतो हो तो. कोप्यात गोळ्या ठेवायला कोरडी जागा नसते.

मोठ्या इमारतीचं उद्घाटन झालं की आपण टाळ्या वाजवतो, मीही वाजवतो. पण मला विचाराल तर त्यातल्या एका संगमरवरी जिन्याच्या पैशात प्रत्येक कॅन्सर वॉर्डाबाहेर एक माणूस बसवा, जो मराठीत, वार घालून, कॅलेंडरवर खुणा करून देईल आणि घरच्यांकडून ते उलट वदवून घेईल. दुसरं, मर्कॅप्टोप्युरीनचं पातळ औषध आपल्याच देशात तयार झालंय, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी बेंगळुरूच्या एका कंपनीबरोबर केलंय, मिलिलिटरला १० मिलिग्रॅम. पिचकारीनं मोजायचं, अडकित्ता नको. ते सरकारी योजनेतून तालुक्यापर्यंत का येऊ नये? माझ्या फळीवर ते आजही नाही. मागवलंय, बघू.

मी माझ्यापुरतं एक केलं. गावातल्या शिक्केवाल्याकडून रबरी शिक्का करून घेतला: "आठवड्यातून एकदाच. वार ______." मेथोट्रेक्सेटच्या प्रत्येक पाकिटावर लाल शाईनं मारतो, मग ते औषध संधिवाताला असो की सोरायसिसला. आमच्या पोराचा वार शनिवार, बाजाराचा दिवस, म्हणजे आजी विसरत नाही. शिक्का घ्यायला गेलो तेव्हा शिक्केवाल्यानं मजकूर दोनदा वाचला आणि विचारलं, "कशाचा हो हा? भिशी काढायले का?"